औषधाचे अर्धे माप

मित्रांनो, मला पाहिले की लोक हळू आवाजात बोलू लागतात. मी एक जुनी लोखंडी खाट आहे. माझ्या पायथ्याशी एक हँडल आहे. ते फिरवले की माझा डोक्याकडचा भाग वर येतो आणि निजलेल्या माणसाला बसते करता येते. दोन्ही बाजूंना कठडे आहेत. यात घाबरण्यासारखे काही नाही. तरीही मी दारातून आत आले की घरच्यांना काय ते कळते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कापणे, जोडणे, ठोकणे, घासणे असे सगळे हाल सोसल्यावर मला पांढरा रंग मिळाला आणि मी एका मोठ्या रुग्णालयात रुजू झाले. तिथे माझी ऐट होती. माणसे आडवी येत आणि चालत घरी जात. एखादी आजी जाताना माझ्या कठड्यावर थोपटून म्हणे, "चांगलं सांभाळलंस गं." मी फुलून जाई. पुढे हँडल कुरकुरू लागले, रंगाचे पोपडे निघाले, विजेवर चालणाऱ्या खाटा आल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्यावर मोडके पंखे नि फाटक्या गाद्या रचल्या गेल्या. कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहत नसे.

तिथून मला एका संस्थेने उचलले. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, अशा माणसांची ही संस्था त्यांच्या घरी जाऊन काळजी घेते. याला हॉस्पिस सेवा म्हणतात. आजाराशी झुंज थांबते, पण दुखणे कमी करणे, जखमा धुणे, कूस बदलणे, घरच्यांना धीर देणे ही कामे चालू राहतात. खरे सांगू? आधी मला हे काम कमीपणाचे वाटले. इथे माझ्यावरून उठून कोणी चालत जात नव्हते.

मग मी एका म्हाताऱ्या न्हाव्याच्या घरी गेले; त्यांना सगळे न्हावीबाबा म्हणत. खोली लहान होती, म्हणून जेवणाचे टेबल गॅलरीत काढून मला जागा केली होती. बाबांच्या हाडांपर्यंत आजार पोचला होता. तरी मला निरखून ते म्हणाले, "माझ्या दुकानातल्या खुर्चीची थोरली बहीण दिसते ही. हिला तेल घाला रे. एवढी कुरकुर तर गिऱ्हाईकंही करत नाहीत."

त्यांची लेक पोस्टात काम करी. रजा काढून ती त्यांच्याजवळ राहिली होती. संस्थेच्या नर्सबाईंना सगळे सिस्टर म्हणत. त्यांनी लेकीला दुखण्यावरच्या औषधाची बाटली दिली, डॉक्टरांनी ठरवलेले माप दाखवले. "दुखायला लागायची वाट बघायची नाही. वेळ झाली की द्यायचं. काही वेगळं वाटलं तर मला फोन करायचा."

लेकीने मान हलवली. पण दुसऱ्याच दिवशी शेजारीण डोकावली आणि दारातच कुजबुजली, "हे औषध सुरू झालं की माणूस उठत नाही हो. जपून द्या."

त्या दिवसापासून लेक माप पूर्ण भरी, मग बाबांकडे पाठ करून त्यातले अर्धे परत बाटलीत ओती. मी पाहत होते. बाबांना विचारले की ते म्हणत, "बरं आहे." आणि ती वळली की माझा कठडा असा आवळत, की त्यांच्या बोटांची पेरे पांढरी पडत. मला सगळे कळत होते, पण लोखंडाला तोंड नसते. लेकीलाही ती पांढरी पेरे दिसत. मग ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राही.

एका दुपारी मुलगा आला. दूर नोकरीला होता. बॅग खांद्यावरच होती, तेवढ्यात बाबा कण्हले.

"ताई, हे काय चाललंय? बाबा असे कळवळतायत आणि तू घरात ठेवलंयस?"

"डॉक्टरच म्हणाले, आता उपाय नाही."

"उपाय नाही म्हणून सोडून द्यायचं?"

"मी सोडलं? तू कुठे होतास एवढे दिवस?"

"रोज फोन करत होतो मी."

"फोनवरून कूस बदलता येत नाही."

त्याचा चेहरा पडला, आणि रागातच त्याने फोन काढून ॲम्ब्युलन्स बोलावली. दोघे माझा एकेक कठडा धरून बाबांच्या अंगावरून भांडत राहिले, जणू मधे नुसती चादर अंथरली होती.

तेवढ्यात सिस्टर आल्या. त्यांनी आधी बाबांची बोटे कठड्यावरून हलकेच सोडवली. मग बाटली उजेडात धरली.

"एवढं औषध उरलं कसं?"

लेक खाली बघत म्हणाली, "अर्धंच देत होते मी. पूर्ण दिलं आणि ते गेले, तर मीच त्यांना... असं वाटायचं."

सिस्टर माझ्या कडेला टेकल्या. "ही भीती पुष्कळ घरांत असते. मीच आधी विचारायला हवं होतं तुम्हाला. हे बघा, ठरलेल्या मापानं दिलेलं औषध दुखणं कमी करतं. त्यानं माणूस लवकर जात नाही." त्यांनी डॉक्टरांशी फोनवर बोलून योग्य माप स्वतःच्या हाताने दिले.

हळूहळू बाबांचे कपाळ सैल झाले. त्यांचा हात गादीवर उघडा पडून राहिला. या घरी आल्यापासून तो तसा मी पहिल्यांदाच पाहिला. लेकीनेही पाहिला आणि ती भिंतीकडे तोंड करून रडू लागली.

खाली ॲम्ब्युलन्सचा हॉर्न वाजला. मुलाने विचारले, "आता काय करू, सिस्टर?"

"मला काय विचारता? ते जागे आहेत."

इतक्या दिवसांत हा प्रश्न बाबांना कोणी विचारलाच नव्हता. मुलगा खाली वाकला. "बाबा, हॉस्पिटलात जाऊ या ना?"

"या दाढीनं?" बाबांनी डोळे उघडले. "जन्मभर लोकांना नीट करून दुकानाबाहेर पाठवलं, आणि मी असा जाऊ?"

"मग दाढी करून जाऊ."

"दाढी कर. मग मी इथेच झोपणार, माझ्या घरात. त्या गाडीवाल्याला चहा पाज आणि जा म्हण."

मुलाने हातातला फोन खिशात टाकला. मग खाली जाऊन गाडी परत पाठवून आला. लेकीने माझे हँडल फिरवले. "अजून थोडी वर. बास," बाबा म्हणाले. मुलाने गालांना फेस लावला आणि वस्तऱ्याला हात घातला.

"वस्तरा ठेव. सवय नाही तुझ्या हाताला. साधा रेझर घे. गाल ताण. केसांच्या कलानं जा. घाई कशाची? बाहेर रांग लागलीय का?"

हनुवटीपाशी जरासे कापलेच. मुलगा घाबरला. बाबा म्हणाले, "असं केलंस तर गिऱ्हाईक परत यायचं नाही हं."

मग बाबाच आधी हसले, आणि त्यांच्या मागोमाग ती दोघेही, डोळे पुसत.

त्यानंतरचे थोडे दिवस शांत गेले. औषध वेळेवर आणि पूर्ण मिळे. एका सकाळी, दोन्ही मुले दोन बाजूंना असताना, बाबा गेले.

मला परत न्यायला सिस्टर आल्या तेव्हा लेक ओल्या फडक्याने माझा कठडा पुसत होती. "आधीचे ते दिवस माझ्यामुळे दुखलं ना त्यांना?"

सिस्टर नाही म्हणाल्या नाहीत. "दुखलं असेल. तुम्ही घाबरला होतात. पण विचारल्यावर खरं सांगितलंत, म्हणून पुढचे शांत दिवस त्यांना मिळाले."

लेक तीच जागा पुन्हा पुन्हा पुसत राहिली. भावाने कोपऱ्यातले दुसरे फडके उचलले. "ताई, या बाजूचं मी पुसतो," तो म्हणाला.

मित्रांनो, आता मी दुसऱ्या घरी आहे. या कामाचा कमीपणा मला वाटत नाही. तुमच्या घरी कधी माझ्यासारखी खाट आली, तर दाराआडून पाहू नका. जवळ या. निजलेल्या माणसाला विचारा, त्याला काय हवे आहे. आणि मोठ्यांपैकी कोणी पाठ करून एकटेच घाबरलेले दिसले, तर त्यांचा हात धरून सिस्टरपाशी न्या. माणसाचे वजन मी पेलते, कितीही असो. पण न सांगितलेली भीती मला पेलता येत नाही. ती माझ्यावर निजलेल्या माणसालाच पेलावी लागते.