पांढऱ्या दगडावरचा वाफा

शेजारच्या मळ्यातली दियोनिसिया खांद्यावर फावडं घेऊनच आली. शनिवारी दुपारी पाटाच्या पाण्याची पाळी तिची, आणि तिच्या मिरच्यांना थेंब नाही. सान रोकेच्या जत्रेपासून पाऊस नव्हता. मी चोरून माझ्या घेवड्याकडे पाणी फोडलं, असं तिनं बांधावरूनच साऱ्या गावाला ऐकवलं. मी पाटाचं माझ्या बाजूचं बंद केलेलं दार दाखवलं, कोरडा घेवडा दाखवला. तुझी सासूही असंच दाखवायची, म्हणाली.

"मग पानी गेलं कुटं? आभाळात?"

भांडत भांडतच आम्ही पाटाच्या कडेनं निघालो. पाट माझ्या अंजिराजवळून जातो. तिथं पाणी कडेच्या एका बिळात गुपचूप शिरत होतं. उंदराचं बीळ समजून दियोनिसिया ते बुजवायला वाकली, तोच मागून गालोकाका आले. प्लास्टरचा पांढरा दगड खणण्यात आणि भट्टीत भाजण्यात सारा जन्म गेलेला माणूस.

"हलू नगा," ते हळूच म्हणाले. "ह्ये उंदराचं काम न्हाई."

त्यांनी अंजिराच्या बाजूला काठी आपटली. रिकाम्या रांजणासारखा आवाज आला. या लाल मातीखाली पांढऱ्या दगडाचा तुकडा आहे, म्हणाले, खळ्याएवढाच. मधे पुरुषभर जाड, कडेला वीतभर. नखानं ओरखडा उठेल इतका मऊ. पाणी त्याला आतून खात जातं, आणि वरची माती काही कळू देत नाही.

अंजिराखाली घोंगडीवर माझी ओरोसिया झोपली होती. सहा महिन्यांची. मूठ तोंडाशी.

मी धावणार, तर काकांनी माझा दंड धरला.

"तू जड हायेस, पोरी. तुज्यासकट जाईल समदं."

दियोनिसिया चिपाडासारखी. तिनं फावडं टाकलं. काकांनी अंजीर उतरवायची शिडी जमिनीवर आडवी सरकवली आणि दियोनिसिया तिच्यावरून पोटावर सरपटत पुढं गेली. मला फक्त तिच्या भेगाळलेल्या टाचा दिसत होत्या. तिनं घोंगडीचं टोक धरलं आणि बोटबोट मागं ओढलं.

ती आमच्यापाशी पोचली, ओरोसियाला उचलून चार पावलं चालली, आणि मागं जमिनीनं सुस्कारा टाकला. अंजीर फांद्यांपर्यंत खाली गेलं. खड्ड्याच्या कडेला पांढरा दगड उन्हात लखलखत होता.

ओरोसियानं जांभई दिली. मी हात पुढं केले, पण दियोनिसियानं तिला सोडलं नाही. छातीशी धरून आधी स्वतः पोटभर रडून घेतलं.