झाडूची खुंटी

वजनघराबाहेरच्या पाटीवरचे शेवटचे वाक्य असे होते : ‘पुढील काळात या वास्तूचा निवासासाठी गैरवापर झाल्यामुळे मूळ रचनेची हानी झाली.’

धाकट्याने ते मोठ्याने वाचले आणि बहिणीकडे वळून म्हणाला, “ऐकलंस, आक्का? गैरवापर म्हणजे आपण.”

“तू तर नक्कीच. भिंतीवर कोळशाने आगगाड्या मी नव्हते काढत.”

धाकटा हसला. आक्का दाराकडे पाहत होती.

नदीकाठी पहिली माणसे येऊन राहिली तेव्हा त्यांनी उभारलेल्या इमारती या उद्यानात जपल्या आहेत. वजनघर, लोहारशाळा, धान्याचे कोठार, एका खोलीची शाळा. पुढे पूल झाला आणि वस्ती पलीकडच्या काठाला सरकली. ज्यांना पलीकडचे भाडे झेपत नव्हते ती कुटुंबे या मोकळ्या पडलेल्या इमारतींत राहू लागली. या दोघांचे वडील लाकडाच्या वखारीत कामाला होते. वजनघराच्या एकुलत्या एक खोलीत त्यांनी संसार थाटला. आक्का तिथेच जन्मली, धाकटाही तिथेच. तो सहा वर्षांचा असताना सगळ्यांना उठवण्यात आले. मग बरीच वर्षे तिथे कुणी फिरकले नाही, आणि नंतर कुंपण घातले गेले, तिकीटखिडकी आली.

आक्काचा उभा जन्म शिवणयंत्रावर गेला. जुने घर बघायला जावे असे तिला कधी वाटले नव्हते. पण या हिवाळ्यात डॉक्टरांनी तिच्या मुलाला आणि भावाला समोर बसवून सांगितले की विसरण्याची सुरुवात झाली आहे आणि ती वाढत जाणार. तेव्हापासून घरात तिचे प्रत्येक बोलणे तपासून घेतले जाऊ लागले. तिने गोळी घेतली म्हटले की कुणीतरी उठून पाकीट बघायचे. शेजारीण येऊन गेली म्हटले की शेजारणीला विचारायचे. अशातच एकदा जेवताना ती म्हणाली, “चिमी असती तर आता सत्तरीची झाली असती.”

“कोण चिमी?” धाकट्याने विचारले.

“आपली. तुझ्या-माझ्या मधली.”

धाकट्याची साठी कधीच उलटली होती आणि हे नाव तो पहिल्यांदा ऐकत होता. आईवडील जाऊन जमाना झाला होता. फोटो नव्हता. विचारावे असे कुणी नात्यात उरले नव्हते. त्याने हातातला घास ताटात ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “बरं, बरं.”

“मला बरं बरं करू नकोस. मी काही तान्ही नाही. ती तापात गेली. चार वर्षांचीसुद्धा नव्हती. तू त्यानंतर वर्षभराने झालास. नाव काढायचं नाही, अशी आईने मला शपथ घातली होती. ती शपथ मी विसरून जाईन, त्याआधी मोडलेली बरी.”

मग तिने चिमीच्या खुंटीची आठवण काढली, आणि ती खुंटी मात्र धाकट्यालाही आठवत होती.

वडिलांनी वखारीतून एक रुंद फळी आणून दाराशेजारी उभी ठोकली होती, जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत. घरातल्या प्रत्येकाची त्या फळीवर एक खुंटी. पोरांची खुंटी पोराचा हात पोचेल तिथे. पोर वाढले की वडील ती उपटून वर ठोकायचे आणि खालच्या भोकात लाकडाचा तुकडा बसवून ते घासून टाकायचे. वडिलांची धाकट्याला असलेली सगळ्यात जुनी आठवण हीच होती. तोंडात खिळे धरलेले वडील म्हणताहेत, “हात वर कर बघू, लेका.”

फळीवर सगळ्यात खाली एक खुंटी होती, तीही त्याला आठवत होती. “पण आक्का, ती झाडूची होती. मी एकदा तिथे टोपी अडकवली म्हणून आईने मला फाडकन ठेवून दिली होती. म्हणाली, ती झाडूची खुंटी आहे, हात लावायचा नाही.”

“आईने जन्मात तुला तेवढं एकदाच मारलं. झाडूसाठी?”

जेवण संपल्यावर आक्का म्हणाली, “मला तिथे ने. फळी बघू. मला ती डोळ्यांनी बघायची आहे. तुम्ही सगळे असे तोंडाकडे बघता ना माझ्या, की हल्ली मलाच वाटतं, चिमी मी रचली तर नसेल?”

म्हणून ते दोघे आले होते.

उद्यानातली मार्गदर्शक मुलगी जुन्या धाटणीचा पायघोळ झगा घालून दारात उभी होती. डोक्याला पांढरे फडके, कमरेला वायरलेस. तिने विचारले, “पहिल्यांदाच आलात?”

“आम्ही राहायचो इथे,” धाकटा म्हणाला.

“खरंच?” ती खुलली. “किती जण होता तुम्ही?”

“आईवडील आणि आम्ही दोघं भावंडं.”

उंबरा ओलांडताना आक्काने चौकटीला हात धरला, आणि मग न बघताच डावीकडे वळून तोच हात भिंतीवर ठेवला.

तिथे फळी नव्हती. भिंत नव्या चुन्याने पांढरीशुभ्र केलेली होती. खोलीच्या मधोमध, जिथे त्यांची अंथरुणे पडायची, तिथे छताला माणूसभर उंचीचा तराजू टांगला होता. एका पारड्यात भुसा भरलेली पोती, दुसऱ्यात लोखंडी वजने. भोवती दोर.

आक्काने भिंतीवरून हात फिरवला. आधी खांद्याच्या उंचीला, मग खाली, मग जरा वाकून कमरेच्या उंचीला. तिच्या बोटांना चुना लागला. ती दुसऱ्या बाजूला गेली आणि तिथेही तसेच चाचपून आली.

“इथेच होती,” ती म्हणाली. मग धाकट्याकडे न बघता, “होती ना?”

धाकटा मुलीजवळ सरकला आणि कुजबुजला, “तिचं हल्ली जरा विसरायला होतं. तुम्ही मनावर घेऊ नका.”

खोली रिकामी होती आणि छत उंच होते. कुजबुज कोपऱ्यापर्यंत पोचली.

“विसरायला होतं,” आक्का म्हणाली, “ऐकायला नीट येतं.”

धाकट्याचा चेहरा पडला. मुलगी गोंधळून म्हणाली, “आजी, इथे काय होतं?”

“लाकडाची फळी. खुंट्यांची.”

“मग ती काढली असणार. उद्यानाचा नियमच आहे, पहिल्या पिढीनंतरचं काही ठेवायचं नाही. वरचे सगळे थर खरवडून मूळ भिंत काढली. रंग, फडताळं, चूल, सगळं गेलं.”

“आगगाड्या पण?” धाकट्याने विचारले.

“काय?”

“काही नाही.”

आक्का दाराच्या पायरीवर बसली. रुमाल असूनही तिने बोटांचा चुना कोटाला पुसला. बाहेर सहलीला आलेली शाळेच्या मुलांची रांग लोहारशाळेकडे चालली होती आणि त्यांच्या बाई एकसारख्या ओरडत होत्या, “हात लावायचा नाही, फक्त बघायचं!”

“चल घरी,” आक्का म्हणाली. “चिमी नसेलही. डॉक्टर एवढा शिकलेला माणूस, तो काय खोटं बोलेल?”

हे ती भांडून म्हणाली असती तर धाकट्याने चेष्टेवर नेले असते. पण ती शांतपणे म्हणाली. इतकी वर्षे तिने त्याच्याशी वाद घातला होता, पतंगापासून वडिलांच्या औषधांपर्यंत, आणि एकदाही माघार घेतली नव्हती. तो उभा राहिला आणि मुलीला म्हणाला, “काढलेलं सामान गेलं कुठे?”

“बरंचसं जाळलं. थोडं सुतारांनी उचललं. कोठाराच्या मागे त्यांची शेड आहे, पण तिथे पाहुण्यांना नेत नाही.”

“आम्ही पाहुणे नाही. गैरवापर आहोत.”

मुलगी पहिल्यांदा मोकळेपणी हसली, वायरलेसवर काहीतरी बोलली आणि वाट दाखवत पुढे झाली.

शेडमध्ये भुशाचा आणि सरसाचा वास होता. सुतार बाकावर डबा उघडून बसला होता. एवढ्या मंडळींना बघून त्याने घाईने तोंड पुसले. “या, या. काय मोडलं?”

फळी त्याच्या पाठीमागेच होती.

ती दाराशेजारी, जमिनीपासून छताकडे, जशी घरात होती तशीच उभी ठोकलेली होती. वरच्या खुंट्यांवर दोन कोट, एक पिशवी, एक करवत आणि पिवळे शिरस्त्राण अडकवलेले होते. सगळ्यात खाली, कमरेच्या उंचीला, एक खुंटी रिकामी होती.

“जाळायच्या ढिगातून ओढून आणली,” सुतार म्हणाला. “एवढ्या रुंदीचं लाकूड आता मिळतं कुठे? आयत्या खुंट्या होत्या, आम्हाला सोय झाली.”

“खालच्या खुंटीवर काही लावत नाही?” आक्काने विचारले.

“ती फार खाली आहे, आजी. कोट लावला तर लोळतो जमिनीवर. टोपी लावली तर येताजाता धक्का लागतो. तशीच असते ती.”

आक्का जागची हलली नाही. फळी होती, खुंटी होती, पण झाडूचे म्हणणे अजून बाकी होते आणि ते तिला माहीत होते.

धाकटा फळीजवळ गेला. सुताराला विचारून त्याने पिशवी बाजूला केली आणि तिच्या खालची जागा अंगठ्याने चाचपली. तिथे बुजवलेली भोके होती, एकाखाली एक. लाकडाचा रंग किंचित वेगळा, बोटाला जेमतेम कळेल असा. ती त्याचीच होती. ‘हात वर कर बघू, लेका.’ डावीकडच्या खुंटीखाली तशीच आणखी लांब रांग, ती आक्काची. मोठ्यांच्या खुंट्यांखालचे लाकूड अखंड होते.

मग तो गुडघे धरत, कण्हत, जमिनीवर बसला. खालच्या खुंटीभोवती भुसा साचला होता. त्याने तो फुंकला. खुंटीच्या वर नुसती फळी होती, कोरी. त्याने खुंटीच्या खाली अंगठा फिरवला आणि थांबला. पुन्हा फिरवला.

“आक्का,” तो म्हणाला.

“काय?”

“खाली भोक आहे. बुजवलेलं.”

सुताराने डब्याचे झाकण लावले.

“बाबांनी ही खुंटी वर सरकवलीय,” धाकटा म्हणाला. “एकदा. आणि झाडू काही वाढत नाही.”

आक्का त्याच्या शेजारी आली. तिला खाली बसता येत नव्हते, म्हणून तिने त्याच्या डोक्यावर हात टेकवला आणि तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “तिचा लाल झगा असायचा इथे. टाचा उंचावून अडकवायची. सरकवल्यावर पोचत नव्हता ना हात.”

“हो,” धाकटा म्हणाला. या वेळी तो बरं बरं म्हणाला नाही.

सुताराने विचारले, फळी घरी न्यायची आहे का, तो काढून देईल. आक्का म्हणाली, “नको. कोट कुठे लावाल मग? फक्त ही तेवढी कापू नका, मध्ये येते म्हणून.”

“नाही कापत.” त्याने आणखी काही विचारले नाही. पण ते निघाल्यावर त्याने बाक ओढून फळीच्या अलीकडे आडवा लावला, येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय तिकडे जाऊ नये असा.

परत जाताना वजनघरावरूनच वाट होती. मार्गदर्शक मुलगी पाटीपाशी थांबली. “तुम्ही राहायचात त्याबद्दल मी लोकांना सांगितलं तर चालेल ना? पाटीवर नाही लिहिता येणार, पण बोलायला नियम नाही.”

“सांगा की,” धाकटा म्हणाला. “वखारीतल्या एका कामगाराचं घर होतं म्हणावं. मघाशी माझं चुकलं. दोन नाही, आम्ही तीन भावंडं होतो.”

“तिसरं कोण?”

“बहीण. चिमी.”

आक्का दोन पावले पुढे गेली होती. तिला ऐकायला नीट येत होते. ती वळली नाही, नुसती उभी राहिली, आणि धाकटा जवळ आल्यावर तिने त्याच्या गुडघ्यांवरचा भुसा झटकला.