तोलेदोत राहिलेला माझा जोडीदार

“अनुजा, ह्या डाव्या वाळ्याची कडी सैल झालीया. हुपरीला जाऊन दाबून आण की,” तानाबाई लेकीला म्हणाल्या.

“आल्यावर बघू गं आई. अजून बॅगा भरायच्यात.”

मित्रांनो, मी त्याच जोडीतला उजवा वाळा. मी एक जुना, चांदीचा, लहान मुलांच्या पायातला वाळा आहे. हुपरीच्या वर्धमान कारागिरांनी आम्हां दोघांना एकाच दिवशी घडवलं. घुंगरं बसवून त्यांनी आम्हांला कानाजवळ हलवलं. माझा आवाज जरा दबका, त्याचा खणखणीत.

अनुजाच्या बारशाला मामांनी आम्हांला आणलं. ती रांगू लागली, तशा तानाबाई भाकरी थापता थापता आमच्याकडे कान ठेवत. “आवाज थांबला की समजावं, कायतरी उद्योग चाललाय,” असं म्हणत पिठाच्या हातानं धावत. पुढं अनुजा मोठी झाली आणि आम्ही डबीत, कापसात पडून राहिलो. किती वर्षं, कोण जाणे! पण दोघं शेजारी होतो, म्हणून दिवस गेले.

मग अनुजाची लेक राजनंदिनी चालू लागली आणि आम्ही पुन्हा वाजू लागलो. तिचे वडील विजयसिंह शिरोलीच्या कारखान्यात आहेत. कामासाठी त्यांना स्पेनला पाठवलं, तेव्हा मायलेकीही बरोबर गेल्या. परतीच्या आदल्या दिवशी माद्रिदहून बसनं सगळे तोलेदो बघायला निघाले. नदीनं तीन बाजूंनी वेढलेलं, टेकडीवरचं ते जुनं गाव. दगडी चढण, अरुंद बोळ आणि जिकडं तिकडं प्रवासी.

“आपल्या पन्हाळ्यागतच हाय की गं! फक्त झुणका-भाकर न्हाय,” विजयसिंह म्हणाले.

“पन्हाळा राहू दे, पोरीचा हात धरा आधी,” अनुजा म्हणाली. तिचं निम्मं लक्ष कायम पोरीच्या पायांकडं.

मोठ्या चर्चमध्ये मात्र आमचा छुमछुमाट घुमला. दोन-चार माणसांनी मागं वळून पाहिलं. अनुजा ओशाळली. तिनं पटकन खाली बसून दोन्ही मोजे आमच्यावर ओढून घेतले. आम्ही मुके झालो. बाहेर आल्यावर मोजे खाली करायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही.

तलवारींच्या दुकानांच्या बोळात गर्दी एकदम दाटली. विजयसिंह फोटो काढत होते. अनुजानं पाण्याची बाटली काढायला हात सोडला, आणि राजनंदिनी नाहीशी झाली.

“नंदू! अहो, नंदू कुठाय?”

मी मोज्यात गुदमरलो होतो. पोरगी पळत होती, पण मला वाजता येईना. तेवढ्यात तिचा डावा मोजा घसरला. एका दुकानापुढं लोखंडी चिलखत उभं होतं. त्याला भिववायला ती डावा पाय आपटू लागली आणि माझा जोडीदार जीव तोडून वाजला.

“थांबा! ऐका!” अनुजा ओरडली आणि त्या आवाजाच्या दिशेनं चढण पळत सुटली.

मध्येच आवाज थांबला. ती आणखी जोरात पळाली. कोपरा वळली, तर चिलखतापुढं राजनंदिनी उभी! अनुजानं तिला छातीशी घट्ट धरलं, आणि तशीच उचलून नेली. डाव्या पायाकडं कुणी पाहिलंच नाही. मला मात्र कळलं होतं. सैल कडी सुटली होती.

डावा वाळा पडल्याचं परतीच्या बसमध्ये सगळ्यांना समजलं. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं, मागं जाऊन शोधायला वेळ नव्हता.

“पोरगी गावली न्हवं? मग वाळ्याचं काय घेऊन बसलीस!” घरी पोचल्यावर तानाबाई अनुजाला म्हणाल्या. पण दुपारी घरात कुणी नसलं, की त्या डबी उघडून मला हलवतात आणि थोडा वेळ कान देऊन बसतात. त्या काय ऐकायला बघतात, ते मला ठाऊक आहे.

मित्रांनो, घरातल्या लहानसहान वस्तूंची सैल कडी वेळेवर दाबून घ्या. आणि तुमच्यापैकी कुणी कधी तोलेदोला गेलंच, तर त्या चढणीच्या बोळात चिलखतापाशी जरा वाका. दगडांच्या फटीत, गटारीच्या जाळीपाशी बघा. तो आईला हाका मारतानाच पडला. पुढचं त्याला काहीच माहीत नाही. दिसला, तर एवढंच सांगा, नंदू आईला सापडली.