घरच्यांच्या गराड्यात

शनिवारी अंथरुणाला खिळलेल्या आईने बटाट्याचं सूप चार घोट घेतलं आणि गावच्या साप्ताहिकातल्या मृत्युवार्ता मला मोठ्याने वाचायला लावल्या. एका ठिकाणी ती खोकेपर्यंत हसली.

"म्हणे 'सराउंडेड बाय फॅमिली'! अगं, त्या लुंडीनांच्या घरात दोघं बसले की तिसरा उठून जायचा. मरतानाच बरा घरच्यांचा गराडा पडला!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

माझा धाकटा भाऊ कर्टिस तेव्हा गोठलेल्या तळ्यावर मासे धरत होता. महिनाभर मी त्याला बोलावत होते. पुढच्या शनिवारी येतो, सध्या बर्फ चांगला आहे, हे त्याचं ठरलेलं उत्तर.

आईची मृत्युवार्ता लिहायचं माझ्याकडे आलं. कर्टिस स्वयंपाकघरात डोकावून म्हणाला, "ते 'सराउंडेड बाय फॅमिली' घाल हं. बरं दिसतं."

"कोण कोण होतं भोवती?"

"सगळेच लिहितात गं. लोक काय मोजायला येणारेत?"

"जे घडलं नाही ते लिहायचं नसतं."

"झाल्या मास्तरीणबाई सुरू! लिही तुला हवं ते. वाचणार मीच आहे."

आमच्या चर्चमध्ये अंत्यविधीला मृत्युवार्ता वाचतात, आणि आमच्या घरात तो मान मुलाचा. मला तेच हवं होतं. एक वाक्य मी पुन्हा पुन्हा तासलं: 'शेवटच्या क्षणी मुलगी रॅग्ना जवळ होती. मुलगा कर्टिस मासे धरायला गेला होता.' पाद्रीसाहेबांनी त्याचं नाव पुकारलं, तेव्हाच कागद त्याच्या हातात दिला.

जन्म, लग्न, शाळेतली नोकरी, सगळं त्याने खणखणीत वाचलं. मग थबकला. त्याचे कान लाल झाले. मी पहिल्या बाकावरून ते कान समाधानाने बघत होते.

त्याने घसा खाकरला. "आणि घरच्यांच्या गराड्यात आईने शांतपणे प्राण सोडला."

मागच्या बाकांवर माना हलल्या. कुणीतरी हुंदका दिला.

मी उभी राहिले. "खोटं आहे. तिच्याजवळ मी एकटी होते."

कर्टिसने कागद खाली केला. मी एवढंच बोलणार होते. पण पुढचंही निघालं, सगळ्यांदेखत.

"आणि हात मी धरला होता, तरी ती हाका तुलाच मारत होती."