वडिलांच्या नावाचा खेकडा

तिने खेकडा उताणा केला, चिमट्याने त्याची उजवी नांगी बाजूला धरली आणि भिंगाखाली पुन्हा एकदा पाहिलं. मग तो सुलटा केला. पाठ खडकावरच्या काळ्या खेकड्याची, नांगी चिखलातल्या फिकट खेकड्याची. तरुणपणी हेच पाहून ती हरखून गेली होती. दोन ओळखीच्या प्रजातींच्या शेजारी चक्क तिसरी, कुणीच न पाहिलेली! तिने रीतसर वर्णन छापलं आणि त्या खेकड्याला आपल्या वडिलांचं नाव दिलं. तेव्हापासून संशोधन केंद्रात सगळे तिला पाठीमागे खेकडेबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

आता जनुकीय चाचणीचे निकाल समोर पडले होते. तिसरी प्रजाती वगैरे काही नव्हतीच. खडक संपून चिखल सुरू होतो त्या अरुंद पट्ट्यात दोन्ही प्रजातींची गाठ पडत होती, आणि हा त्यांचा संकर होता. हा खेकडा दुसरीकडे कुठेच सापडत नाही याचा तिला कोण अभिमान! दुर्मिळ आहे, म्हणून सांगत सुटायची. दुसरीकडे का सापडत नाही, हा साधा प्रश्न मात्र तिने स्वतःला कधी विचारला नाही. आपल्या डोळ्यांवर तिचा फार विश्वास होता.

चाचणी करणारी सहकारी दाराशी घुटमळत होती.

"मॅडम, घाई नाहीये. पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होताय. त्यानंतर छापू या."

"चूक कळल्यावर वर्षभर तिच्यावर बसून राहू?"

"पण मग ते नाव रद्द होईल."

"होऊ दे. आधी एका माणसाला सांगून येते, मग पाठव."

तो माणूस म्हणजे वडील. आयुष्यभर शिंपीकाम केलेले, आता दुसऱ्या गावात एका खोलीत एकटेच राहणारे. आई गेल्यापासून दर रविवारी ती फोन करायची आणि ते पहिलाच प्रश्न टाकायचे, "काय, माझा खेकडा काय म्हणतोय?" मग ती भरतीचं, ओहोटीचं, सापडलेल्या नव्या माद्यांचं सांगत राहायची. ते सांगून झालं की फोन संपायचा. बापलेकीला दुसरं काही बोलताच येत नव्हतं. प्रवासात तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. खेकडा गेला तर रविवारी बोलायचं काय?

दार उघडंच होतं. वडील खिडकीपाशी बसून कुणा शेजाऱ्याच्या शर्टाला बटण लावत होते. शिलाई मशीनच्या वर भिंतीवर खेकड्याचं चित्र होतं, खाली त्यांचं नाव. ती चौकट तिनेच टांगली होती.

"तू? आज कुठे रविवार आहे?"

"बाबा, एक वाईट बातमी आहे."

त्यांची सुई थांबली. "कोण गेलं?"

"कुणी नाही हो. तुमचा खेकडा. तो वेगळी प्रजाती नाहीच. दोन प्रजातींचा संकर आहे. माझ्याकडून चूक झाली. आता तुमचं नाव त्याला राहणार नाही."

वडिलांनी चित्राकडे निरखून पाहिलं.

"म्हणजे पाठ कापडाच्या एका ठाणातली आणि बाह्या दुसऱ्या ठाणातल्या?"

"तसंच म्हणा."

"आणि हे तुला सगळी शिवण उसवल्यावर कळलं."

"हो."

वडिलांना हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला. तिने उठून पाणी दिलं.

"सुटलो बाई एकदाचा! अगं, दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, मास्तर, कापड कात्रीने कापता की नांगीने? पोरंटोरं तर तोंडावर खेकडा म्हणायची. एकदा चिडून ते चित्र काढायलाही निघालो होतो. तुझी आई म्हणाली, खबरदार, पोरगी किती खुशीत आहे बघा."

तिलाही हसू आलं. केवढं ओझं घेऊन आली होती ती! पण हसू ओसरलं आणि तिला काहीतरी टोचू लागलं.

"मग दर रविवारी विचारायचात ते?"

वडिलांनी बटणाचा दोरा तोडला आणि शर्टाची घडी घातली.

"दुसरं काय विचारणार? तुझी आई फोनवर बोलायची, मी शेजारी बसून ऐकायचो. ती गेली आणि फोन माझ्या गळ्यात पडला. खेकड्याचं काढलं की तू बोलत राहायचीस. नाहीतर 'मी बरी आहे' म्हणून ठेवून द्यायचीस."

हे खरं होतं. आपण म्हाताऱ्याचं मन राखतोय, असं ती इतकी वर्षं समजत होती. खेकड्यांच्या पाठीवरचे बारीक दातेसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसत. आणि हा एक माणूस फोनच्या पलीकडे काय करत होता, ते तिला आज कळत होतं. तिला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त एकटं वाटलं, आणि तेही त्यांच्यासमोर बसून.

वडिलांनी सुई दोऱ्याच्या रिळात खोचली, पुन्हा काढली, पुन्हा खोचली. परक्या माणसाशी बोलताना खाकरावं तसे खाकरले.

"तू रोज एकटीच जेवतेस का गं?"

"छे हो, केंद्रात सगळे असतात" हे उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. एरवी कुणी विचारलं की ती तेच द्यायची.

"हो," ती म्हणाली.

"मीपण," ते म्हणाले.