न्हाणीच्या कोनाड्यातली मलमाची ट्यूब

मी मलमाची एक ट्यूब बोलतेय. उमरीत चांगुणाबाईंच्या न्हाणीच्या कोनाड्यात, शिकेकाईच्या डब्यामागे मी पडून असते. माझ्या पोटात तीन औषधं कालवलेली आहेत. एक बुरशी मारायला, दुसरं पू होऊ नये म्हणून आणि तिसरं खाज गप्प करायला. या तिसऱ्यामुळेच मला गिऱ्हाईक फार.

चांगुणाबाई बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालतात. पाटावर पाय पसरून बसायचं, नडग्यांवर बाळ पालथं घ्यायचं आणि ऊन पाण्यानं चोळायचं. तीस वर्षं हेच. सकाळभर कमरेचं लुगडं ओलं. त्या ओल्या कमरेवर गेल्या उन्हाळ्यात गजकर्ण उठलं आणि हळूहळू पायांवर उतरलं.

मेडिकलवाल्या व्यंकटनं डॉक्टरची चिठ्ठी विचारलीच नाही.

"मावशे, लई भारी मलम हाय. दोन दिसात खाज गायब."

खरंच गायब झाली. चौथ्या दिवशी बाईंनी टोपण लावून ट्यूब ठेवून दिली. पंधरा दिवसांनी चट्ट्यांच्या कडा पुन्हा लाल. पुन्हा चार दिवस मलम. माझ्याआधी पाच ट्यूबा अशाच संपल्या होत्या. त्यांची खोकी अजून कोनाड्यात आहेत. दरवेळी बुरशी पुरती मरायच्या आत औषध थांबे. जी तगली, तिला त्या औषधाची भीती उरली नाही. वर माझं तिसरं औषध कातडीचं बळच काढून घेत होतं. मला सगळं दिसत होतं. तोंड आहे मला, पण त्यातून मलमच येतं.

बाईंना बरं व्हायची घाई होती. लेक लुंबिनी मुदखेडहून पहिल्या बाळंतपणाला यायची होती. "माझ्या नातवंडाला पहिलं न्हाऊ मीच घालणार," असं त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

मग एका सकाळी शेजारच्या तुळजाबाई तणतणत आल्या. त्यांच्या तीन आठवड्यांच्या नातवाच्या पाठीवर गोल चट्टा उठला होता. त्याला रोज न्हाऊ घालत होत्या चांगुणाबाईच.

"चांगुणा, पाय दाखीव तुझे."

बाईंनी लुगडं वर सारलं.

"अगं बया! ह्या पायावर माझं लेकरू निजवत व्हतीस? सांगायला जीभ झडली व्हती का?"

"खाज नव्हती गं. मला वाटलं, बरं झालं."

त्या दोघी बाळाला घेऊन नांदेडला कातडीच्या डॉक्टरांकडे गेल्या. मी पिशवीत होते. डॉक्टरीणबाईंनी बाळाला औषध लिहून दिलं. मग चांगुणाबाईंच्या चट्ट्यावरून हलकेच पातं फिरवून कातडीचा भुगा घेतला आणि तपासायला पाठवला. निकाल यायला महिना लागला. तो ऐकायला बाई पुन्हा नांदेडला गेल्या, पिशवीत मी होतेच.

"मावशी, या मलमातल्या औषधाला तुमची बुरशी आता दाद देत नाही. दुसऱ्या गोळ्या देते. चट्टे गेले तरी मी सांगेपर्यंत थांबवायच्या नाहीत. टॉवेल वेगळा. कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून उन्हात घालायचे. घरात कुणी खाजवत असेल तर त्यालाही आणा. आणि न्हाऊ घालणं बंदच ठेवा."

"आन् माझ्या लेकीचं बाळ?"

"कातडी स्वच्छ होईपर्यंत नाही."

परतीच्या गाडीत बाईंनी गोळ्या पदराच्या गाठीत बांधल्या.

मला फेकून द्यायला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. बाईंच्यानं ते झालं नाही. मी अजून निम्मी भरलेली आहे आणि याचीच मला धास्ती वाटते. कुणी खाजेनं हैराण होऊन या कोनाड्यात हात घातला, तर त्यानं मला उघडू नये. आधी डॉक्टरला कातडी दाखवावी.

लुंबिनीला मुलगी झाली. न्हाऊ घालायला सिंधुबाई येतात. बाई दाराबाहेर उभ्या राहून सांगत असतात, "मान धर तिची. पाणी लई कढत न्हाई ना?"

आज लुंबिनीनं लेक गुंडाळून बाईंच्या पुढ्यात धरली. "माय, जवळ येऊन तर बघ. तुझ्यावानीच नाक हाय."

बाईंनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"बघितलं की. झाक आता तिला, वारं लागंल."