राजा आटवला तर पाप न्हाई

मी राजाछाप रुपया बोलतोय. चांदीचा, गोल, एक तोळ्याचा. म्हणजे होतो एक तोळ्याचा. झिजून झिजून आता थोडा कमी भरतो, पण ते वजनकाट्याला सांगू दे, मी कशाला सांगू? माझ्या एका अंगावर मुकुट घातलेल्या गोऱ्या राजाचं तोंड आहे. त्याचं नाक कधीच गेलं, दाढी अजून हाताला लागते. राहायला मी सांगलीत, कृष्णात पोतदारांच्या सराफी दुकानात, काचेच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी जळका आहे. चांदी थंड असते असं लोक म्हणतात. असेल बाबा. माझ्या पोटात मात्र जन्मापासून जाळ आहे.

जन्म मुंबईच्या टांकसाळीतला. धाडकन ठसा बसला, मी घरंगळत टोपलीत पडलो आणि बघतो तर शेजारच्या टेबलावर सोन्याच्या मोहरा! पिवळ्याधमक. साहेबलोक त्यांना एकेक उचलून मखमलीवर ठेवत होते आणि आम्हाला फावड्यानं पोत्यात भरत होते. त्या दिवशी जे माझं पित्त खवळलं ते आजपर्यंत बसलेलं नाही.

पोत्यातून मी पलटणीच्या पगारात गेलो. अर्जुना नावाचा साताऱ्याकडचा शिपाई होता. समुद्रापलीकडची लढाई संपवून तो गावी निघाला तेव्हा मी त्याच्या कमरेच्या कशात, म्हणजे पैशाच्या पिशवीत, होतो. घरी पोचल्यावर त्यानं मला बायकोच्या, बनुबाईच्या, हातावर ठेवलं आणि म्हणाला, "खर्चू नगंस ह्यो. गळ्यात घाल."

त्या काळी आमच्या भागात बायका रुपयांची माळ घालायच्या. सोनारानं माझ्या डोक्यावर कडी बसवली, डाग देऊन. डाग देणं म्हणजे तापवून जोडणं. दुखलं. मी म्हटलं, दुखू दे, आता गळ्यात मिरवायला मिळणार. कसलं काय! माळेच्या मधोमध, सगळ्यांच्या नजरेत भरेल अशा जागी, बसवली ती राणीछाप. मला टाकलं मागं, मानेजवळ, पदराखाली. बनुबाई पाण्याला निघाली की बायका म्हणायच्या, "बने, मधला रुपाया लय देखणा हाय गं तुजा." मधला! आणि मी पाठीमागं घामानं काळा पडत होतो.

बनुबाई गेली, तिची सून गेली. नातीनं माळ मोडली आणि पैंजण घेतले. ती चालली की पैंजण छुमछुम वाजायचे म्हणे. वाजू देत, माझ्या बापाचं काय जातंय? कड्या उपटल्या, आमच्या अंगावर डागाचे व्रण राहिले आणि या हातातून त्या हातात फिरत आम्ही पोतदारांच्या दुकानात येऊन पडलो. इथं आल्यावर मला नवं नाव मिळालं. मोड. जुनं झालेलं, मोडायचं, आटवायचं म्हणजे वितळवायचं, ते सगळं मोड. राजाचं तोंड घेऊन जन्मलो आणि म्हातारपणी हे नाव नशिबी आलं.

वरच्या कप्प्यात ती राहते. लक्ष्मी, चांदीच्या नाण्यावरची. नवीकोरी, पारदर्शक पाकिटात, सोबत शुद्धतेचा कागद, डोक्यावर दिवा. तिला हात लावायचा नाही, बोटांचे ठसे उमटतात म्हणे. माझ्यावर शंभर वर्षांची बोटं उमटली, कुणी 'अरेरे' म्हटलं नाही.

धनत्रयोदशीला दुकानात पाय ठेवायला जागा नसते. लोक येतात, खिसा चाचपतात आणि हळूच विचारतात, "शेट, आमच्या बजेटमधी काय बसंल?" झालं, कृष्णातशेटचा हात आपोआप वरच्या कप्प्याकडं जातो. मग पाच ग्रॅमची लक्ष्मी हातभर पाकिटात घालून मिळते आणि लोक खूश. अरे, पाकिटाची मजुरी मोजता आणि चांदी नखाएवढी नेता! थोडक्या पैशात चांदी घ्यायची तर आधी वजन विचारावं, मग शुद्धता, चकाकी सगळ्यात शेवटी. आमच्याच कप्प्यात इंग्रजांच्या शेवटच्या काळातले काही रुपये आहेत, त्यांच्यात निम्मी चांदी आणि निम्मी भेसळ. दिसायला माझ्यापेक्षा झकास! लोक त्यांना आधी उचलतात. मी बघत बसतो, दुसरं काय करणार?

आणि महापूर आला तेव्हाची गोष्ट तर मी मेलो तरी विसरायचो नाही. कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं. कृष्णातशेटनं पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि माल माडीवर न्यायला घेतला. सोनं आधी गेलं, ते मी समजू शकतो. मग लक्ष्मीची पाकिटं गेली, छातीशी धरून. मग गणपतीची नाणी गेली. मग वजनकाटा गेला. मग भिंतीवरचं कॅलेंडर गेलं! आम्ही वाट बघतोय. शेवटच्या खेपेला शेटनं आमच्याकडं पाहिलं, "मोड हाय, तिला काय हुतंय," असं म्हणाला आणि जिना चढला. पाणी ओसरेपर्यंत आम्ही गाळात. चांदीला पाण्यानं काही होत नाही हे खरं आहे हो. पण कॅलेंडर?

तर असा मी. कुणीतरी यावं, सगळ्यांतून मला उचलावं आणि "हाच पायजे" म्हणावं, एवढीच इच्छा उरली होती. आणि आज सकाळी त्या दोघी आल्या. दोघी म्हणजे सासू-सून.

सुनेचं नाव पूजा. हळदीच्या वखारीत हळद निवडायला जाते, त्यामुळं नखं पिवळी. सासू अंबूबाई, तिला पूजा आत्ती म्हणते. घर मूळचं आटपाडीकडचं, मेंढरं राखणारं. अंबूबाईचा धाकटा मुलगा, म्हणजे पूजाचा नवरा, पप्पू सांगलीत टेम्पो चालवतो, म्हणून या दोघी इथं. एवढं सगळं मला कसं कळलं म्हणाल, तर पूजा एकदा बोलायला लागली की थांबत नाही.

"शेट, टाक करायचाय," ती म्हणाली. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव, देव्हाऱ्यात ठेवतात तो. "बिरोबाचा. आमी भाऊ भाऊ येगळं झालो. वाटणीत देव थोरल्याकडं गेलं, आमच्याकडं भांडी आली."

"तयार टाक हाय की, ताई."

"ते पापडावानी असत्यात. मला जाड पायजे. जाऊबाईच्या बिरोबापेक्षा जाड."

"देव जाड-बारीक नसतोय गं, पूजे," अंबूबाई म्हणाली.

"असतोय, आत्ती. तुमी दसऱ्याला बघितलं न्हाई व्हय? म्या पहाटे उठून पुरणपोळ्या केल्या, निवदाचं ताट घिऊन एसटीनं गेले. जाऊबाई म्हणती, 'आमचा निवद दावून हुदे, मग तुमचा.' तिचं आवरंस्तवर मी दारात हुबी. पोळ्या वाळून कडंग झाल्या. परत एकदा मला त्या दारात ताट घिऊन हुबं ऱ्हायाचं न्हाई. मला माझा देव पायजे."

तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पिवळ्या बोटांनी पुसले. मी खालून बघत होतो. म्हटलं, ही आपल्यातली! हिच्याही पोटात तोच जाळ. जावेच्या देव्हाऱ्याकडं बघून जळणारी बाई मला इतकी जवळची वाटली की काय सांगू.

कृष्णातशेट म्हणाला, "चांदी तुमी निवडा, आटवून टाक मी घडवून देतो."

"निवडायची तिनंच," अंबूबाई म्हणाली. "आमच्यात देवाची चांदी घरातल्या बाईनं सोता निवडायची रीत हाय."

पूजानं रुमालाची गाठ काउंटरवर ठेवली. "एवढ्यात बसवा." आणि तिचं बोट सरळ वर गेलं. "ती लक्ष्मी द्या. ती लय चकचकीत हाय."

गेलं! मला वाटलं, हिलासुद्धा चकाकीच दिसली. कृष्णातशेटनं पाकीट काढलं, फोडायला कात्री उचलली आणि अंबूबाई एवढ्यानं ओरडली की बाहेरच्या पानवाल्यानं वळून पाहिलं.

"आगं ए! लक्षुमी आटवतीस?"

कात्री हवेतच राहिली.

"घरात एक देव आणायला दुसऱ्या देवाला मुशीत घालायचा? कुठल्या गावची रीत गं ही?"

पूजा चपापली. "मग गणपती द्या, शेट."

"गणपती काय तुज्या घरचा गडी हाय व्हय आटवायला?"

"गाय हाय बघा ह्याच्यावर. आणि वासरू."

"गाय! आवं शेट, तुमीच सांगा आता हिला."

कृष्णातशेट एकेक नाणं काढत होता आणि म्हातारी एकेक परत ठेवायला लावत होती. कमळ? लक्ष्मीचं आसन, नको. स्वस्तिक? नको. सारा वरचा कप्पा काउंटरवर आला आणि सारा परत गेला. नव्या चांदीत देवाचं काही नाही असं नाणंच सापडेना. पूजा रडकुंडीला आली. "मग आता मी आटवू तरी कुणाला?"

तेव्हा अंबूबाई वाकली. तिनं खालच्या कप्प्यात पाहिलं. माझ्याकडं! "ते काय हाय? टोपीवालं?"

"ती मोड हाय, मावशी. जुनं रुपयं."

"काढा की."

आम्ही बाहेर आलो. पूजानं आधी राणीछाप उचलली. जुनं दुखणं, बघा, इथंही ती पुढं! पण शेट म्हणाला, तिला हौशी लोक जास्त पैसे देतात, तुमच्या रुमालात ती बसायची नाही. अंबूबाई म्हणाली, "नगंच. बाईमाणूस हाय ती. बाईचा तळतळाट कशाला घ्यायचा?" आणि तिनं मला चिमटीत धरलं. "ह्यो घे. ह्यो सायेब हाय. ह्याला आटवला तर कुणालाच पाप न्हाई."

पूजानं मला काचेवर आपटलं. मी वाजलो. बद्द.

"शेट, ह्यो खोटा हाय! खणखण वाजत न्हाई."

आयुष्यात एवढा अपमान झाला नव्हता. खोटा? मी? कृष्णातशेट हसला. "खोटा न्हाई, ताई. ह्याला कवातरी कडी हुती. डाग दिला की रुपाया बद्द वाजतो. चांदी अस्सल हाय. ह्याला पाकिटाची मजुरी न्हाई आणि डागाची तूट बी वजनातनं कमी धरतो. तुमचं बसतंय."

"आणि जाड?"

"त्या तयार टाकाच्या दुप्पट."

पूजाचा चेहरा असा उजळला की मला वरच्या कप्प्याचा दिवा फिका वाटला. मला मुठीत घट्ट धरून ती म्हणाली, "हाच पायजे."

हाच पायजे! शंभर वर्षं ज्याची वाट बघितली ते दोन शब्द. आणि लगेच पोटात दुसरी कळ आली. मला निवडलं ते का? मी देखणा म्हणून नाही, अस्सल म्हणूनही नाही. मला आटवलं तर कुणालाच काही वाटणार नाही, म्हणून. लक्ष्मीला वाचवायला माणसं धावली, गाईला वाचवायला धावली, त्या राणीचासुद्धा तळतळाट आठवला. माझ्यासाठी एक 'अरेरे' निघाला नाही. जळू नको तर काय करू?

आता मी कागदाच्या पुडीत, कृष्णातशेटच्या टेबलावर, मुशीशेजारी. उद्या रविवार, देवाचा वार, सकाळीच मला आटवणार. जाताना पूजानं विचारलं होतं, "शेट, ह्या राजाचं तोंडबिंड काय ऱ्हातं का वो मागं?" "काय बी ऱ्हात न्हाई, ताई. पाणी हुतंय सगळं." "मग बरं," ती म्हणाली.

मला मुशीची भीती नाही. खरं सांगू? मी जळतोय तो त्या टाकावर. माझीच चांदी, माझंच वजन, आणि उद्या त्याच्यावर भंडारा उधळतील, त्याला आंघोळ घालतील, पहिला नैवेद्य दाखवतील, भाकरीसुद्धा त्याच्या आधी कुणी खाणार नाही. एवढं कौतुक माझं कुणी केलं नाही, आणि होईल तेव्हा मी नसेन. जन्मभर दुसऱ्यांवर जळलो, शेवटी उद्याच्या स्वतःवर जळायची पाळी आली. हसा, तुम्हीही हसा.

पूजाबाई, तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. त्या देवापुढं ताट ठेवाल तेव्हा नुसते हात जोडून उठू नका. दसऱ्याला दारात उभं केलं ते सांगा, पोळ्या वाळल्या ते सांगा, जाऊबाईंची सगळी कागाळी करा. आणि सावकाश, नीट समजावून सांगा. तो नवा आहे, पोटात जाळ पेटला की काय होतं ते त्याला ठाऊक नसणार. मला ठाऊक होतं, पण मी तिथं नसेन.